नामदेवाची पायरी आणि पंढरीचे द्वार

वसई परिसरातील देवस्थानांचा इतिहास सांगू लागले की बोलणे श्रीवज्रेश्वरीच्या नवसापाशी आल्यावाचून राहात नाही. इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि पुढची दोनशे वर्षे या किनाऱ्यावर त्यांचाच अंमल चालला. त्या काळात कित्येक देवळे पाडली गेली, मूर्ती हलविल्या गेल्या. पुढे मराठ्यांची मोहीम निघाली. राजोडीच्या उत्तरेला समुद्रात असलेला अर्नाळ्याचा जंजिरा मार्च १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आला. वसईचा किल्ला मात्र काही केल्या वाकेना. तेव्हा चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी मातेला नवस बोलला की किल्ला हाती आला तर तुझे मंदिर बांधीन. देवीने स्वप्नात येऊन कौल दिला, असे परंपरा सांगते. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि बोललेला नवस फेडण्यात आला. त्या मंदिराच्या पायऱ्या चढून गेलेला माणूस या तालुक्यात घरोघरी सापडेल.

ही कथा लोकांस प्रिय आहे आणि ती असावीही. परंतु तिच्यात एक सोय आहे. जे भक्ताच्या मनात होते तेच देवीनेही सांगितले. सैन्याला किल्ला हवा होता, देवीने किल्ला दिला. अशा वेळी देवाची आज्ञा पाळणे कठीण जात नाही. कठीण वेळ येते ती निराळी. आजवर जे पुण्य म्हणून केले ते थांबव आणि ज्याला पाप मानले ते कर, असे जेव्हा आतून ऐकू येते, आणि भोवतीची भली माणसे, नातलग, एवढेच नव्हे तर गुरूसुद्धा नको म्हणतात, तेव्हा खरी कसोटी लागते. महाराष्ट्रात या कसोटीचे ठिकाण शोधावयाचे तर पंढरपूर. तेथील महाद्वारात, नामदेवाच्या पायरीपाशी, हा प्रश्न सहाशे वर्षे तिष्ठत उभा होता, आणि त्याचा निकाल लागला तो अगदी अलीकडे, १९४७ साली.

वारकरी संतांच्या कथा कीर्तनात ऐकताना गोड वाटतात, पण त्यांतील प्रसंग जरा थांबून पाहिले तर ते मोठे अवघड आहेत. पैठणचे एकनाथ महाराज (१५३३ ते १५९९) काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघाले. शेकडो कोस पायी चालून आणलेले पाणी. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होते, नाथांनी ती गंगा त्याच्या तोंडात ओतली. बरोबरच्या यात्रेकरूंना काय वाटले असेल याचा विचार क्वचितच कोणी करतो. त्यांच्या दृष्टीने यात्रा फुकट गेली, संकल्प मोडला, देवाचे पाणी जनावराला पाजले. नाथ म्हणाले की रामेश्वर येथेच भेटला. श्राद्धाच्या दिवशी पितरांसाठी शिजविलेले अन्न त्यांनी दारच्या भुकेल्या महारांना वाढले, त्याबद्दल पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेतला, तीही कथा याच जातीची.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट त्याहून पुढची. पंधराव्या शतकात भयंकर दुष्काळ पडला. पंत बेदरच्या बादशहाचे अंमलदार, सरकारी धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात. धान्य धन्याचे, किल्ली आपली आणि दारात माणसे मरत आहेत. नोकराचा धर्म म्हणतो, कोठाराला हात लावू नकोस. पंतांनी कोठारे लुटविली. बादशहाने पकडून आणण्याचा हुकूम सोडला. पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे: पंढरीचा विठोबा महाराचे रूप घेऊन, विठू महार होऊन बेदरच्या दरबारात गेला आणि धान्याची सारी रक्कम भरून पावती घेऊन आला.

या कथेत देवाने कोणते रूप घेतले ते ध्यानात घ्यावे. ब्राह्मणाचे घेतले नाही, सावकाराचे घेतले नाही. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, असा गावकीचा महार होऊन तो गेला. ही कथा पंढरपुरात कीर्तनाकीर्तनांतून रंगत असे, श्रोते डोळे पुशीत. आणि कीर्तन संपल्यावर खराखुरा महार दर्शनाला आला, तर त्याला नामदेवाच्या पायरीच्या आत पाऊल टाकता येत नसे. शतकानुशतके हे चालले, आणि त्यात काही चुकते आहे असे चांगल्या चांगल्या माणसांनाही वाटले नाही.

चोखोबा याच पायरीपाशी आहेत. त्यांची विठ्ठलभक्ती नामदेवांनी मानली. पण जन्मभर दर्शन घ्यावयाचे ते बाहेरून. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर वेठीने राबत असता भिंत कोसळली आणि अनेक मजुरांबरोबर तेही तिच्याखाली गेले. हे १३३८ सालचे असे मानतात. नामदेवराय तेथे गेले. ढिगाऱ्यातून निघालेल्या हाडांपैकी ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी ती पंढरीस आणली व महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेवांच्या हातून होण्याजोगे होते ते त्यांनी केले. त्यांनी चोखोबांना दारापर्यंत आणले. दाराच्या आत नेणे त्या काळी त्यांनाही साधले नाही.

विसाव्या शतकात ही दारे ठोठावली जाऊ लागली. नाशिकला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही पाच वर्षे झगडले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. दार उघडले नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. हे सर्व घडले तेव्हा पंढरपूर अजून जसेच्या तसे होते.

अशा वेळी पुढे आले ते पांडुरंग सदाशिव साने. नावातच पांडुरंग. जन्म कोकणात पालगड येथे, २४ डिसेंबर १८९९ रोजी. अमळनेरच्या शाळेत काही वर्षे शिक्षक, मुलांचे आवडते गुरुजी. १९३० साली नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने यांनीच उतरून घेतली. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकात लाकडाची मोळी डोक्यावर चढत नाही म्हणून खोळंबलेली एक महाराची म्हातारी आहे. श्यामची आई मुलाला सांगते की जा, तिची मोळी उचलून दे, मग घरी येऊन आंघोळ कर. त्या बाईंनी रूढी पुरती मोडली नाही, पण रूढीसाठी माणसाला उन्हात उभे ठेवणेही त्यांना मानवले नाही. त्यांच्या मुलाला पुढे आंघोळीचा भाग सोडून द्यावा लागला, एवढेच.

गुरुजी नास्तिक नव्हते, मंदिरांचे वैरी तर नव्हतेच. पुष्कळांना वाटते की देवळाच्या दाराशी उपोषणाला बसणारा माणूस देव न मानणारा असावा. हे अगदी उलटे होते. ज्याला देवाचे काही नाही, त्याला देऊळ उघडे काय आणि बंद काय. गुरुजींना विठोबा हवा होता म्हणून त्याच्या दाराशी लेकरांना थांबविलेले त्यांना पाहावेना. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले होते. देश मोकळा होणार आणि महाराष्ट्राचे दैवत मात्र आपल्याच लेकरांपासून कुलपात राहणार, हे त्यांच्या मनाला लागले. १९४६ च्या कार्तिकी एकादशीला त्यांनी आमरण उपोषण करण्याचे ठरविले. सेनापती बापट आदी ज्येष्ठांनी समजावले की आधी लोकांकडे जावे, त्यांना विचार करावयास वेळ द्यावा. गुरुजींनी ते ऐकले आणि सहा महिने थांबले.

हे थांबणे महत्त्वाचे आहे. आतला आवाज ऐकला म्हणून कोणाचेच ऐकावयाचे नाही, असा त्यांचा हट्ट नव्हता. ते महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, बरोबर राष्ट्र सेवा दलाचे कलापथक असे. पोवाडे होत, गाणी होत, मग गुरुजी बोलत आणि बोलता बोलता रडत. त्या दौऱ्यात अनेक गावांनी आपली देवळे आणि पाणवठे सर्वांना मोकळे केले. जे पंढरपूरला होत नव्हते ते खेडेगावातील मारुतीच्या देवळात एका संध्याकाळच्या सभेनंतर होऊन जात असे. खेड्यांना मागासलेली म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

पंढरपूर मात्र हलेना. मे महिना, सोलापूर जिल्ह्याचे ऊन, भीमेचे पात्र आटलेले. गावात विरोध इतका की गुरुजींना बसावयास जागा मिळणेही अवघड झाले. ती दिली तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. वारकरी पंथातील एका महाराजांनी त्या वातावरणात हे करणे हीही लहान गोष्ट नव्हती. गुरुजींचे नाव घेताना हे नाव घ्यावयास हवे. १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झाले. साने यांनी भीमेपलीकडे चालते व्हावे, विठ्ठलाचे द्वार उघडणार नाही, अशा घोषणा रस्त्यातून फिरत होत्या.

विरोध करणाऱ्यांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्यांत स्वार्थी माणसे होती, तशी भाविकही होती. पिढ्यान् पिढ्या देवाची सेवा केलेल्या घरांतील वृद्धांना खरोखर भय वाटत होते की विटाळ झाला तर देव राहणार नाही आणि त्याचे पाप आपल्या माथी येईल. तेही आपल्या समजुतीप्रमाणे देवाची आज्ञाच पाळीत होते. म्हणजे एका बाजूला एक भक्त म्हणत होता, देव सांगतो दार उघडा. दुसऱ्या बाजूला दुसरे भक्त म्हणत होते, देव सांगतो उघडू नका. दोघांतले खरे कोण ऐकत होता? विठू महाराची कथा दोघांनाही पाठ होती. फरक असा की एकाने ती कथा म्हणून ऐकली आणि दुसऱ्याने ती हुकूम म्हणून घेतली.

सर्वांत मोठा धक्का बाहेरून आला. मंदिर खुले होण्याची व्यवस्था होतच आहे, उपोषणाचे कारण नाही, अशा स्वरूपाची माहिती गांधीजींच्या कानावर गेली होती. त्यांनी तारेने उपोषण सोडण्यास सांगितले. गुरुजींची गांधीजींवर किती निष्ठा होती हे त्यांचे लेखन वाचलेल्यांना सांगणे नको. त्यांच्या शब्दाखातर त्यांनी नोकरी, घर, प्रकृती सारे दिले होते. असेच एक उदाहरण पंधरा वर्षांपूर्वी केरळात घडले होते. गुरुवायूरच्या श्रीकृष्ण मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून के. केळप्पन १९३२ मध्ये उपोषणास बसले, आणि गांधीजींनी विनंती करताच त्यांनी ते सोडले. त्यांनी केले ते चूक म्हणता येणार नाही. त्यानंतर त्या तालुक्यात हिंदूंचे मत घेतले गेले आणि बहुमत प्रवेशाच्या बाजूने पडले. पण मंदिर उघडले ते १९४७ मध्ये.

गुरुजींनी उपोषण सोडले नाही. गांधीजींचा अनादर न करता त्यांनी आपला मार्ग चालू ठेवला. ज्या महात्म्यामुळे अंतरीचा आवाज ऐकावयास शिकलो, त्याच महात्म्याला त्या आवाजासाठी नाही म्हणावयाचे, याहून मोठा पेच एखाद्या भक्तावर कोणता यावा! सनातन्यांनी शिव्या दिल्या तर माणसाला बळ येते. आपल्याच वडीलधाऱ्याने थांब म्हटले तर पाय लटपटतात. त्या दहा दिवसांत अन्नावाचून राहणे ही त्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट असावी. आपण ऐकतो तो देवाचाच आवाज की आपलाच अहंकार, हा प्रश्न कोणत्याही विवेकी माणसाला अशा वेळी सोडीत नाही, आणि गुरुजी तर स्वतःवर सदैव संशय घेणारे. त्यांच्यापाशी पुरावा एवढाच होता की या कामात त्यांना स्वतःसाठी काही मिळावयाचे नव्हते. गेले तर प्राण जाणार होते.

उपोषण हा दबाव आहे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. एखादा लोकप्रिय माणूस दारात मरावयास टेकला असता घेतलेला निर्णय कितपत मनापासूनचा? परंतु ज्यांना पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर ठेवले होते त्यांच्यावरचा दबाव कोणी मोजला नव्हता, हेही त्याच तराजूत टाकावयास हवे.

दादासाहेब मावळंकर, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले, त्यांनी मध्यस्थी केली. बडवे मंडळींशी बोलणी झाली, मंदिर खुले करण्यास संमती मिळाली आणि १० मे १९४७ रोजी गुरुजींनी उपोषण सोडले. त्याच वर्षी मुंबई सरकारचा हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

द्वार उघडावयाचे ठरल्यावर काही सनातनी मंडळींनी एक विधी केला. मंत्रोच्चाराने मूर्तीतील देवाचे तेज पाण्याच्या घागरीत काढून घेतले आणि ती घागर आपल्याकडे ठेवली. आता आत उरला तो नुसता दगड, असे त्यांचे म्हणणे. पुष्कळांनी या घागरीची थट्टा केली, आजही करतात. पण तिच्याकडे जरा गंभीरपणे पाहावे. ज्या क्षणी देव आपल्या अपेक्षेप्रमाणे वागेना, त्या क्षणी त्याला आपल्या मापाच्या भांड्यात घेऊन जावे, असे वाटणारे लोक केवळ पंढरपुरात नव्हते आणि केवळ १९४७ मध्ये नव्हते. गंमत अशी की वारकऱ्यांनी त्या घागरीची चौकशीही केली नाही. त्या वर्षीही आषाढी झाली, पुढेही झाल्या, आणि लोक विटेवरच्या विठोबाच्याच पायांवर डोके ठेवीत राहिले, आता सगळेच.

ज्यांच्यासाठी दार उघडले त्यांतील अनेकांची वाट मात्र तोवर बदलली होती. काळारामाच्या दारातून परत फिरविलेल्या समाजाने पाच वर्षे वाट पाहून मान दुसरीकडे वळविली. बाबासाहेबांचे म्हणणे असे की शिक्षण, सत्ता आणि स्वाभिमान यांवाचून केवळ देवदर्शनाने माणसाची स्थिती पालटणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. पंढरीचे द्वार उघडले तेव्हा ते कित्येकांच्या बाबतीत उशिरा उघडले, हे सांगितल्याखेरीज ही हकीकत पुरी होत नाही. देवाची आज्ञा ऐकण्यास विलंब लावला तर ज्यांच्यासाठी ती आज्ञा होती ते निघून गेलेले असतात.

गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. पंढरपूरच्या मंदिरांसाठी १९७३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. बडवे व उत्पात यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद चाळीस वर्षे न्यायालयांत फिरत राहिला, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो त्यांच्या विरुद्ध निकालात काढला. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागविले. १९४७ मध्ये घागर भरणाऱ्यांना हे स्वप्नातही दिसले नसते. पण खरे सांगावयाचे तर मठात उपोषणास बसलेल्या गुरुजींनाही दिसले असते की नाही कोण जाणे. त्यांनी दार उघडा एवढेच मागितले होते.

गावात देऊळ नव्याने उभे राहते तेव्हा गाभारा, कळस, फरशी यांची चर्चा होते; देणगीदार कोणी दगड देतो, कोणी घंटा देतो, आणि ते सर्व उचितच आहे. दार किती रुंद असावे हे गवंडी सांगतो. ते कोणासाठी उघडावे याचे मोजमाप गवंड्यापाशी नसते, ते गावालाच ठरवावे लागते, आणि राजोडीसारख्या गावात, जिथे मच्छीमार, बागायतदार, नोकरदार, हिंदू आणि ख्रिस्ती शेजारी एकाच वाटेने समुद्राकडे जातात, ते रोजच्या रोज ठरत असते.

पंढरपुरास जाणारे वारकरी आजही आधी महाद्वारात थांबतात. नामदेवाच्या पायरीवर पाय पडू नये म्हणून वाकून तिला हात लावतात, समोर चोखोबांच्या समाधीपुढे माथा टेकतात, आणि मग आत जातात.